बोगद्यातून पांढऱ्या निघालेल्या सासूबाई

प्रिय जावईबापूंस,

सासऱ्याचे ओंजळभर आशीर्वाद. आपली प्रकृती, नातीचे हलणारे दात आणि आमच्या लेकीचा पारा, तिन्ही जागच्या जागी असतील असं धरून चालतो. (पाऱ्याची खात्री नाही.) आम्ही दोघं खुशाल. आपण धाडलेला काड्यापेटीएवढा कॅमेरा पोचला. इतक्याशा डबीत एवढी अक्कल मावते, हे बघून मी थक्क झालो. आमच्या घराण्यात डोकी मोठी, पण आतली जागा बहुतेक मोकळीच.

शेजारीणबाईंनी गॅलरीतून पाहून लेकीला कळवलं की तुमच्याकडची सायकल रस्त्यात नागमोडी जाते. लेकीने लगेच फर्मान काढलं, आईची सायकल विका! आपण मात्र म्हणालात, आधी त्या कशा चालवतात ते कॅमेऱ्यात बघू, मग ठरवू. या न्यायबुद्धीला तोड नाही. सायकल ही त्यांनी साठी उलटल्यावर शिकलेली विद्या. सायकल गेली तर आपल्या सासूबाईंचं सकाळचं हसू तिच्याबरोबर जाईल.

म्हणून कॅमेरा माझ्या हँडलला बांधला आणि सासूबाईंच्या मागे निघालो. पहिल्या दिवशी सगळं त्याच्याच मर्जीवर सोडलं. रेल्वेखालच्या बोगद्यात त्याने अंधारापायी डोळे वटारले, ते बाहेर उन्हात आल्यावर वेळेत मिटलेच नाहीत. सासूबाई पांढऱ्याफटक, सायकलसकट अंतर्धान! आता मी जन्मभर कापडं रंगवलेला माणूस. फिकं पडलं तर हंड्यात जास्त वेळ बुडवावं, हे हाडीमासी भिनलेलं. म्हणून उजेड आत घ्यायचा वेळ, ज्याला शटर स्पीड म्हणतात, तो वाढवला. झालं, रस्ता, बोगदा, सासूबाई, सगळं दुधाच्या पातेल्यात पडल्यासारखं. मी आणखी वाढवला. (रंगारी सहजी माघार घेत नाही.)

शेवटी दोरीवरचे कपडे काढता काढता सासूबाईंनी माझ्या खांद्यावरून एकदा डोकावलं आणि म्हणाल्या, “अहो, हे रंगवणं नव्हे, वाळवणं आहे. उन्हात जास्त राहिलं की विटणारच!” जावईबापू, त्या डबीबरोबर आलेलं माहितीपत्रक मी भिंगातून वाचलं होतं, पण एवढं सोपं त्यात कुठेच नव्हतं. या बाईंशी माझं लग्न लावून देणाऱ्यांचे उपकार मानायचे राहूनच गेले.

मग वेळ घटवला. ऊन झकास आलं, पण बोगद्यात काळाकुट्ट अंधार. (भिंगाचं छिद्र कायम तेवढंच, तेव्हा तिथे काही पिळता येत नाही.) उरला आयएसओ. इवल्याशा उजेडाला तिखटमीठ लावून मोठं करून सांगणारा हा आकडा. शेजारीणबाईंचाच भाऊ म्हणा ना. तो चढवला तर अंधारात दिसू लागलं, पण सासूबाईंच्या पाठीवर रवा सांडल्यासारखे कण! अखेर वेळ ठरवणं कॅमेऱ्याकडे दिलं, आयएसओला वरची मर्यादा घातली आणि एकूण उजेड एक पायरी उणे केला. पतंगाला ढील द्यावी, पण मांजा हातचा सोडू नये.

आणि काय चित्र आलं म्हणता! अंधारात चाकाच्या तारा मोजाव्यात, बाहेर पडताना डावा हात दाखवून वळण, मान ताठ, चाक ओळंब्यासारखं सरळ. हे बघून लेकीने सायकल विकायचं नाव काढलं, तर ती माझी लेक नव्हे. (तिच्या आईची असेल.) चित्रफीत सोबत धाडत आहे. निकाल आपल्या हाती.

आपल्या घरच्या सगळ्यांना नमस्कार आणि नातीला पापा.

आपला सासरा

ता.क. चित्र सारखं डावीउजवीकडे डुलतं, त्यावर सेटिंग शोधत बसू नये. हँडल माझ्या हातात होतं.

ता.क. दुसरा. शेजारीणबाई खोटं बोलल्या नाहीत. आमची दोन्ही हेल्मेटं सारखी, त्यामुळे वरून कोण ते कळत नाही. नागमोडी जातो तो मी. हे लेकीला कळू देऊ नये. माझी सायकल गेली तर सकाळी सासूबाईंना घरातूनच टाटा करावा लागेल, आणि तो मला जमणार नाही.

ता.क. तिसरा. दोघांनी मिळून चालवायची लांब सायकल असते म्हणे. कुठे मिळते ते गुपचूप बघून ठेवावं. पुढची जागा त्यांची. मी मागे बसून पायडल मारल्यासारखं करीन.