शंभरातली एक पेशी

बाबा,

लॅबमध्ये तुम्हाला 'सर' म्हणायचं, असा तुमचा नियम होता. कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन मी तुमच्या हाताखाली शिकायला लागले, ते दुष्काळाचं वर्ष. रस्त्याच्या कामांवरची माणसं फ्लूने खोकत यायची आणि आपण दोघं दिवसभर मायक्रोस्कोपखाली त्यांच्या रक्ताच्या काचा पाहायचो. शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, दिसेल तेच लिहायचं. एकदा अठ्ठ्याण्णववर थांबून मी अंदाजाने दोन भरल्या, तेव्हा कागद फाडून तुम्ही म्हणालात, "पेशंट काय अंदाजाने आजारी आहे का?"

तुम्हीच शिकवलंत, की आजार अंगावर आला की शरीर एक हार्मोन जास्त सोडतं आणि इओसिनोफिल, म्हणजे तांबूस दाण्यांच्या पेशी, रक्तातून नाहीशा होतात. ते हार्मोन मोजायची सोय आपल्याकडे नव्हती. पण त्या पेशी पुन्हा दिसल्या की माणूस सावरतोय, असं तुम्ही धरायचात.

मग तोच फ्लू तुमच्या छातीत उतरला. तीन दिवस तुमच्या काचेवर तांबूस पेशी नाही. वॉर्डात पडल्या पडल्या तुम्ही नुसतं एक बोट वर करून विचारायचात. मी मान हलवायची, नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी पुन्हा मोजतेय. शंभर झाल्या. नाही. मी थांबत नाही. दोनशे. वॉर्डातल्या मावशी दारात येतात. "किती येळ गं पोरी? बाप तुजा दाराकडंच बगत हाय." तीनशे बारावी पेशी तांबूस होती.

"एक दिसली, सर."

"शंभरात?"

"हो."

तुम्ही डोळे मिटलेत. "मग आईला सांग, भाकरी दुधात कुस्करून आण. खातो."

तुम्ही बरे झालात. पुढे कितीतरी वर्षं, नवीन कोणी शिकायला आलं की सांगायचात, "माझी पेशी हिने शोधली." मी खाली बघायची.

आज यांचा रिपोर्ट आला, छातीचाच आजार आहे. यंत्रातून छापलेला कागद, तरी माझी नजर आधी त्याच आकड्यावर गेली. शून्य. यांना काय सांगू, ते सुचेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

त्या दिवशी रजिस्टरमध्ये मी शून्यच लिहिलं होतं, बाबा. कामावर परत आल्यावर तुम्ही ती पानं एकेक करून तपासलीत, मी शेजारीच उभी होते. त्या पानावर तुमचं बोट जरा थांबलं का, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.