दिलदार माणसाची बायको

अहो,

'प्रिय' लिहायला पेन टेकवला होता, पण हात वळला नाही. आज तुमच्यावर फार राग आलाय. तसा तो चार वर्षांपासून आहे, पण रागावून बसायलासुद्धा सवड लागते, ती मला कुठं होती? परवा दुपारी तुमचे मित्र घरी येऊन गेले आणि मग मात्र राहवेना.

"वहिनी, येत्या चतुर्थीला मंदिरापाशी भाऊच्या नावानं अन्नदान करू म्हणतो," गजानन म्हणाला. "आपल्या राजुरात असा दिलदार माणूस पुन्हा झाला न्हाई. तुमचा वाटा जरा मोठा धरलाय."

नाव तुमचं, जेवण गावाचं आणि पैसे माझे! मी सरळ सांगितलं, "मला जमणार न्हाई."

तोंडं पडली सगळ्यांची. चपला घालता घालता गजानन बोललाच, "भाऊ असते तर न्हाई म्हणले नसते."

नसतेच म्हणाले! तेच तर माझं दुखणं आहे. तुम्ही जन्मात कोणाला नाही म्हणालात का हो? मला सोडून?

तुमचा जिवलग मित्र कैलासही आला होता. पण आत आला नाही, रस्त्यावर गाडीवरच बसून राहिला. तो आता माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. का, ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही सुटलात ना मधेच!

तुमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान चांगलं चालायचं, हे मला बाहेरच्यांकडून कळायचं. पाण्याची मोटार जळाली की पंचक्रोशीतली माणसं तुमच्याकडेच यायची. दिवसभर तांब्याच्या तारेत मान घालून जळक्या मोटारी भरत बसायचात, आणि पैसे द्यायची वेळ आली की म्हणायचात, "राहू द्या हो, पुढच्या टायमाला बघू." पुढच्या टायमाला मोटार यायची, पैसे यायचे नाहीत. घरी मी तेल पावशेर-पावशेर आणायची. दुकानातले पैसे मागितले की तुम्ही हसायचात. ते हसू गावाला फार आवडायचं. मला नाही आवडायचं!

आणि भाचीचं लग्न? मामा म्हणून साडी-चोळी केली असती तर कोणी नावं ठेवली असती का? पण तुम्हाला मांडव पाहिजे, बँड पाहिजे, नवरदेवाला अंगठी पाहिजे. माझ्या आईनं दिलेली बोरमाळ तुम्ही जालन्याच्या सोनाराकडे ठेवलीत. "दोन महिन्यांत सोडवतो," म्हणालात. ती तिथंच बुडाली. त्या लग्नात सगळे तुमचे पाय धरत होते. माझ्या मोकळ्या गळ्याकडे कोणाचं लक्ष गेलं? तुमचं तरी गेलं का?

कैलासला पिकअप घ्यायची होती तेव्हाचं आठवतं? तुम्ही मला गाडीवर बसवून भोकरदनला पतसंस्थेत नेलंत. "दोन जामीनदार लागतात. इथं सही कर."

मी विचारलं, "त्यानं भरले न्हाई तर?"

तुम्ही साहेबासमोर हसलात. "बायका लई शंका काढतात बघा!" तो साहेबही हसला. मी मान खाली घालून सही केली. दहावी पास बाई मी, वाचता येत होतं मला. पण तुम्ही वाचू दिलं नाहीत.

मग त्या दुपारी दुकानातच छातीत कळ आली. जालन्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दिवशीही कोणाची तरी मोटार फुकट भरत होतात म्हणे. दिलदार ना!

गाव लोटलं तुमच्या मातीला. प्रत्येक जण माझ्याजवळ येऊन तुम्ही त्याच्यासाठी काय केलं ते सांगून रडत होता. मी ऐकत होते. मनात एकच होतं, ह्यातलं एक तरी माझ्यासाठी केलं होतं का?

चौथ्या दिवशी थोरले भाऊजी म्हणाले, "तेरावं दणक्यात झालं पाहिजे. माणूस मोठा होता."

"पैसे?" मी विचारलं.

"घेऊ कोणाकडून तरी. फेडू सावकाश."

फेडू! कोण फेडणार होतं? डोक्यावर पदर होता, डोळे सुजले होते, पण तेवढ्यातही माझं डोकं तापलं. मी म्हणाले, "घरच्यापुरता सैपाक करीन. वरण-भात आणि शिरा. त्याच्यावर एक रुपया कर्ज काढणार न्हाई."

बाई किती कोरड्या काळजाची, असं गावभर झालं. तुमच्या बहिणीनं तर ताटावरून उठून दाखवलं. हो, तिच्याच मुलीच्या लग्नात माझी बोरमाळ गेली होती!

महिना झाला नाही तोच पतसंस्थेचा माणूस आला. कैलासचे हप्ते वर्षभर थकले होते. तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला दोन पत्रं आली होती म्हणे, तुम्ही दुकानात ठेवलीत आणि मला सांगितलं नाहीत. शिवाय भाचीच्या लग्नासाठी तुम्ही स्वतः काढलेलं कर्ज वेगळंच. मी कैलासकडे गेले. त्याच्या दारात पिकअप उभी होती, धुऊन पुसून.

"वहिनी, सध्या धंदा डाऊन हाय," तो म्हणाला. "भानुदास असता तर त्यानं समजून घेतलं असतं."

"मला समजत न्हाई," मी म्हणाले. "मी भानुदास न्हाई."

घरी येऊन आपल्या पूजाला मिठी मारून बसले. तिचं नर्सिंगचं ठरलं होतं, फी भरायची होती. तुम्ही तिला "भरतो की!" म्हणाला होतात. ती पोरगी दुसऱ्या आठवड्यात जालन्याला कापडाच्या दुकानात बिलं करायला लागली. रोज एसटीनं जायची, यायची. स्वयंपाकघरात उभी राहून जेवायची, कारण बसली की तिथंच डुलक्या यायच्या. ह्याचा हिशोब तुमच्याकडे मागू का? की हेही राहू द्या, पुढच्या टायमाला बघू?

मी शाळेत खिचडी शिजवायचं काम धरलं, बायकांचे ब्लाउज शिवायला घेतले. मग आणखी एक केलं. तुम्ही असता तर मला घरात कोंडलं असतं! हप्त्याची तारीख आली की शाळेतली खिचडी शिजवून झाल्यावर ब्लाउजांची पिशवी घ्यायची आणि कैलासच्या ओट्यावर जाऊन बसायची. भांडण नाही, आरडाओरडा नाही. हुका लावत, काजं करत बसायचं. येणारी-जाणारी बाई विचारायची, "काय वं शोभा, इथं कामून बसलीस?"

मी मोठ्यानं सांगायची, "कैलासभाऊच्या हप्त्याची तारीख हाय आज."

पहिल्या दिवशी तो मागच्या दारानं निघून गेला. मी दिवेलागणीपर्यंत बसले. त्याची बायको पाणी घेऊन आली आणि माझ्याजवळ टेकली. हळूच म्हणाली, "उद्या पण या ताई. माझं बी ऐकत न्हाईत ते." दुसऱ्या दिवशी कैलासनं अर्धे पैसे हातात टेकवले. तोंड असं केलं, जणू मी भीक मागायला आले होते. महिनामागून महिना मी तेच केलं. ब्लाउजांची कामंही त्याच ओट्यावरून वाढली, हे त्यातल्या त्यात बरं! शेवटी त्यानं पिकअप विकली आणि त्याच्या नावावरचं बहुतेक भरलं. उरलेलं मात्र माझ्याच बोकांडी बसलं.

पतसंस्थेत मी साहेबापुढं उभी राहिले. "पळणार न्हाई. पण दंडाचं व्याज माफ करा आणि हप्ता मला झेपल असा बांधून द्या." दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्या खेपेला खुर्ची दिली. दुकान मी भाड्यानं दिलं, तुमची गाडी विकली, तांब्याची तार भंगारात घातली. लोक हळहळले, "भाऊची आठवण विकली!" आठवणीनं भाकरी भाजते का?

घरात काय केलं ते तुम्हाला सांगायलाच पाहिजे, कारण तुम्हाला घर कधी दिसलंच नाही. आंघोळीचं पाणी चुलीवर, कापसाच्या पराट्या जाळून, म्हणजे गॅस पुरवायचा. चहा काळा. मटण बंद. सणाला पुरण घातलं तर मूठभर. पण सगळ्यात जड गेला तो आहेर. लग्नाला जायचं, अक्षता टाकायच्या, जेवायचं आणि रिकाम्या हातानं यायचं. पहिल्या लग्नात शेवटच्या पंगतीला, कोपऱ्यात बसून जेवले. नंतर सवय झाली. खरं सांगू? ज्यांनी त्यावरून नाकं मुरडली, त्यांतले निम्मे तुमच्या मातीला ढसाढसा रडले होते.

तुमचं स्वतःचं कर्ज आधी फिटलं. मग पूजा नर्सिंगला लागली. उशिरानं, पण लागली. आणि गेल्या महिन्यात मी भोकरदनला जाऊन जामीनकीचा शेवटचा हप्ता भरला.

मला वाटलं होतं, त्या दिवशी खूप आनंद होईल. काहीच झालं नाही. स्टँडवर येऊन उसाचा रस घेतला, बायकांचं अर्धं तिकीट काढून एसटीत खिडकीशी बसले. हप्ता कधी, पैसे कुठून, हे सारखं डोक्यात चालायचं ना, ते एकदम थांबलं. आणि कुठून कोण जाणे, तुमच्या शर्टाचा वास आला. मोटारीला लावायच्या वॉर्निशचा. किती भांडायची मी त्या वासावरून! चार वर्षांत एकदाही आला नव्हता.

मी रडायला लागले. असं तसं नाही, हंबरडाच फुटला. कंडक्टर पोरगी धावत आली. "काय झालं मावशी? दुखतंय का काही?"

"माझा माणूस गेला गं!"

"अगं बाई! कधी?"

"चार वर्षं झाली," मी म्हणाले.

ती शेजारच्या माणसाला उठवून माझ्याजवळ बसली, राजूर येईपर्यंत.

कळलं का तुम्हाला? तुम्ही मला तुमच्या मागं रडूसुद्धा दिलं नाहीत. गावानं तेरा दिवसांत रडून घेतलं, माझा नंबर चार वर्षांनी लागला. ह्याचा राग सगळ्यात मोठा आहे, आणि तो मी सोडणार नाही. सोडीन असं वचन मागूही नका.

पण दुसरं एक वचन देते. परवा पूजा फोनवर म्हणाली, "आई, तू पप्पांबद्दल कधी चांगलं बोलतच न्हाईस. मला त्यांचा फक्त हप्ता माहीत हाय." तेव्हापासून जिवाला लागलंय. दिवाळीला ती घरी येईल. तेव्हा तिला आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातलं सांगीन. मला चुलीपाशी उकडतं म्हणून तुम्ही भंगारातली मोटार भरून पंखा बनवला होता, आणि मोठ्या ऐटीत चालू केला तर चूलच विझली होती. घरभर राख, तुमच्या मिशांवर राख, आणि आपण दोघं पोट धरून हसत होतो. त्या रात्री भाकरी झालीच नाही, आपण भेळ खाल्ली. हे सगळं तिला सांगीन, काही गाळणार नाही. शब्द माझा.

तुमच्यावर रागावलेली, आणि तरी तुमचीच,
शोभा