समुद्राकडचा ढाळ

मंगळवार, ३ तारीख

पोचलो एकदाचे, आणि पोचलो ते झकास ठिकाणी. सकाळपासून रस्ता कड्याच्या कडेकडेने चालला होता, उजव्या हाताला नुसता समुद्र, आणि गाडीमागे आमचं लटांबर डुलत येत होतं. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, आम्ही कॅरव्हॅन घेतली. दोन बिछाने, एक टेबल, एक शेगडी आणि एक न्हाणीघर, ज्यात शिरायचं तर आधी श्वास सोडून पोट आत घ्यावं लागतं. पस्तीस वर्षं बांधकामांवर सुपरवायझर म्हणून यांनी दुसऱ्यांची घरं उभी केली आणि आता स्वतःचं घर गाडीला बांधून हिंडतायत, असं ही भेटेल त्याला सांगते. ही म्हणजे आमची सौभाग्यवती. तीस वर्षं ग्रंथालयात शिडीवर चढ-उतार करून गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

जागा म्हणजे कड्यावरचं हिरवंगार पठार. सात कॅरव्हॅन समुद्राकडे तोंड करून एका रांगेत उभ्या, आमची आठवी. सगळे आमच्यासारखेच, पेन्शनीत निघालेले. फाटकाबाहेरच्या खोलीत एक टोपीवाल्या बाई बसतात, त्या इथल्या व्यवस्थापक. कॅरव्हॅन लावून गाड्या फाटकाबाहेर नेऊन ठेवायच्या, असा नियम. तिथे ही गर्दी, धूळ खात पडलेल्या गाड्यांची. मला पार टोकाला, खड्ड्यात जागा मिळाली. बाईंनी दुसरा नियम सांगितला, की चाकांखाली काही घालायचं नाही, जागा दोन दिवसांत अंगवळणी पडते. बरं म्हटलं. भांडायला पहिला दिवस कशाला घालवा.

बुधवार, ४ तारीख

झोपेत मी सारखा हिच्या अंगावर घरंगळत होतो. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाल्यावर याला कोणी प्रेम म्हणणार नाही, म्हणून सकाळी उठल्या उठल्या पाणसळ काढली. गवंड्याची ती काचेच्या नळीवाली पट्टी. बुडबुडा मधोमध आला की समजायचं, सपाट. बुडबुडा मधोमध नव्हता. जमिनीला समुद्राकडे ढाळ आहे, दहा फुटांत पाऊण इंच.

आयुष्यभर मी लोकांच्या मोऱ्यांचे ढाळ काढले. मोरीला ढाळ हवाच, बिछान्याला नको. बाईंचा नियम गेला खड्ड्यात. पुढच्या चाकांखाली लाकडी पाचरी ठोकल्या, बुडबुडा मध्यावर आणला आणि मगच चहा प्यायलो. हिचं म्हणणं, सहलीला आलोय की साइटवर ते एकदा ठरवा.

शेजारी एक निवृत्त दंतवैद्य आणि त्यांची बायको आहेत, इथे तीन आठवडे झाले त्यांना. मी पाचरी ठोकताना दोघं खुर्च्या टाकून बघत होते आणि हसत होते. दातवाले म्हणाले की आम्हीही पहिल्या दिवशी असंच केलं होतं, पण नंतर कळलं की भांडण जमिनीशी नाही, आपल्याच हट्टाशी असतं. लोकांच्या तोंडात हात घालून पोट भरलेल्या माणसाला पातळीतलं काय कळणार.

गुरुवार, ५ तारीख

पुन्हा ढाळ. आज सव्वा इंच. पाचरी खचल्या म्हणावं तर काल त्यांवर पेन्सिलीने खूण केली होती, खूण जागच्या जागी. पाणसळ उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. ओळंबाही सोडला. ओळंबा म्हणजे दोरीला लावलेलं वजन, ते कोणाच्या बापाचं ऐकत नाही. तोही तेच सांगतो. आणखी एक थर पाचरी.

तक्रार करायला फाटकाशी गेलो. बाई आत येऊन बघायला तयार नाहीत. त्या कधीच फाटकाच्या आत येत नाहीत, बाहेरूनच बोट दाखवतात. सांगितलं होतं ना काका, चाकांखाली काही घालू नका म्हणून, एवढंच पालुपद. पालथ्या घड्यावर पाणी.

परतताना एक गोष्ट पाहिली आणि ती डोक्यातून जात नाही. दातवाल्यांच्या टेबलाला तर माझ्याहून जास्त ढाळ, निदान दोन इंच. त्यावर त्यांचा चहा, काठोकाठ भरलेला. सांडत नव्हता. चहा टेबलाबरोबर तिरका उभा होता. मी म्हटलं हे कसं काय, तर दातवाले म्हणाले, कसं काय म्हणजे, चहा आहे.

शुक्रवार, ६ तारीख

हिचे गुडघे दुखायचे थांबले. तीन वर्षांत मी हिला अशी चालताना पाहिलेली नाही. सकाळी तरातरा कड्यापर्यंत गेली. इथे कुठेही जायचं तर उतारावरून चालल्यासारखं वाटतं म्हणाली. मला आनंद व्हायला हवा होता. पण परत यायला तिला तिप्पट वेळ लागला, आणि आल्यावर बिछान्यात पडली. कॅरव्हॅनमध्ये तिला गरगरतं. माझ्याकडे बघून म्हणाली की अहो, तुम्ही घर वाकडं केलंय.

मी घर वाकडं केलंय! पाणसळ नाकासमोर धरली. ती म्हणाली, तुमचा बुडबुडा तुम्हाला लखलाभ.

मग चहा केला. एका टेबलावर दोन कप. माझा चहा सरळ. हिचा चहा एका बाजूने कपाच्या काठावर चढला आणि सांडला. टेबल तेच, कप एकाच जोडीतले. मी दोघांचे कप बदलले. तिच्या हातातला चहा पुन्हा तिरका झाला, माझ्या हातात आला तेव्हा सरळ. तिने फडक्याने टेबल पुसलं आणि खुर्ची घेऊन बाहेर बसायला गेली, शेजारणीबरोबर, समुद्राकडे तोंड करून. मी तिथेच बसून राहिलो. मला भीती वाटली, हे लिहायला लाज वाटत नाही.

शनिवार, ७ तारीख

दातवाल्यांची कॅरव्हॅन गेली. सकाळी जागा रिकामी, गवतात चाकांच्या दोन रेघा. फाटकाकडे नाही गेलेल्या, समुद्राकडे गेल्यात. सरळ, कुठे वळण नाही, कुठे ब्रेक लावल्याची खरवड नाही. कड्याच्या टोकाशी संपतात. खाली वाकून बघितलं, लाटा आणि फेस.

बाई म्हणतात, पुढच्या मुक्कामाला गेले. त्यांची गाडी फाटकाबाहेर उभी आहे, काचेवर दातांच्या दवाखान्याचं स्टिकर. तिथल्या गाड्या मोजल्या. एकेचाळीस. आत कॅरव्हॅन सात.

पोलिसांना फोन लावला. रेघांचं सांगितलं, गाड्यांचं सांगितलं. चहाचं सांगितलं तेव्हा पलीकडच्याने माझं वय विचारलं आणि सोबत घरचं कोणी आहे का विचारलं. मग लेकीला फोन केला. ती दमून म्हणाली, बाबा, पुन्हा सुरू झालं का तुमचं? माझंच चुकलं. जन्मभर प्रत्येक भिंतीला नाव ठेवत आलो, आता भिंत खरोखर पडतेय तर कोण ऐकणार.

पाचरी चार थर. निघायचं ठरवलंय. हिला अजून सांगितलं नाही.

रविवार, ८ तारीख

गाडी आणून कॅरव्हॅनला जोडली, पाचरी काढायच्या आधी जोर लावून पाहिला. चाकं जागच्या जागी फिरली, क्लचचा जळका वास आला आणि गाडी बंद पडली ती पडलीच. कॅरव्हॅन तसूभर हलली नाही. उरलेल्यांतल्या कोणीही हात लावला नाही. खुर्च्यांवरून बघत राहिले.

कॅरव्हॅन गेली उडत म्हटलं. हिला धरून फाटकाकडे चालवत निघालो. सत्तर पावलं, सपाट गवत. तिला अजिबात यायचं नव्हतं, माझ्यासाठी निघाली. दहा पावलांत धाप लागली. पंधराव्याला ती दोन्ही हात जमिनीला टेकून चढत होती. सपाट जमिनीवर. मी पाणसळ टेकवली, समुद्राकडे जेमतेम पाव इंच. विसाव्याला तिचे पाय सुटले. मी मनगट धरलं होतं. तिचं सगळं वजन माझ्या हाताला लोंबलं, भिंतीवरून खाली लोंबावं तसं. ती रडत म्हणाली, सोडा हो, खांदा निखळतोय. मी सोडलं. ती घसरत गेली आणि खुर्चीपाशी जाऊन थांबली. कोपरं सोलवटली. मग उठून बसली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली की बघा, इथे किती बरं वाटतं.

सगळी पेन्शन देऊन टाकीन, पण ही हवी.

सोमवार, ९ तारीख

ही आत यायला तयार नाही. पातळी धरलेल्या घरात तिला उलट्या होतात. झोपली ती बाहेर, खुर्चीत. सकाळी खुर्ची तीन हात पुढे. मी खुर्ची दोराने बांधली तर म्हणाली, गुरासारखं बांधलंत मला.

मी तिला वाचवायला घर सरळ केलं, आणि त्या सरळ घरानेच तिला बाहेर काढलं. हे कळायला मला पाच दिवस लागले. सुपरवायझर म्हणे.

लेकीला पुन्हा फोन. यावेळी मी रडलो, म्हणून ऐकलं तिने. उद्या सकाळी येते म्हणाली. बजावलं, क्रेन घेऊन ये, आणि आत पाऊल टाकू नकोस, फाटकाबाहेरून हाक मार. हो हो म्हणाली. तिचं ते हो हो मला माहीत आहे.

म्हणजे एक दिवस. एक दिवस हिला धरून ठेवायचं. बाहेर खुर्चीत नाही धरता येणार. आतच धरता येईल. कॅरव्हॅनला ब्रेक आहेत, आणि गाडीतल्या पोलादी दोराने मागे जमिनीत रोवलेल्या लोखंडी खांबाला करकचून बांधली. दोर ट्रक ओढतो, कॅरव्हॅन काय चीज आहे.

मग पाचरी काढल्या. चारही थर. स्वतःच्या हाताने, हातोडी मारून.

ही हसत आत आली. टेबलाशी बसली, केस विंचरले. म्हणाली, आता कसं घर घरासारखं वाटतंय. मी टेबलाची कड धरून बसलोय. सगळं समुद्राकडे कललंय. धरून बसायचं. एकच दिवस.

मंगळवार, १० तारीख, सकाळ

झोप लागली मला. कड न धरता. चांगली लागली.

उठून पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. पाचरी नाहीत, काही नाही, आणि मधोमध. घासून पुसून पुन्हा ठेवली — मधोमध.

म्हणजे जमीन परत जागेवर आली. किंवा — नाही, आलीच असणार. ओळंबाही सरळ आहे. पाठही दुखत नाही आज.

दहा वाजता

लेक आली. क्रेन नाही. एकटीच. म्हणे, क्रेन आधी कशाला, आधी तुम्हाला बघते तरी. फाटकाबाहेर थांब म्हटलं होतं. थांबेल कशी, माझीच मुलगी. दोन तास आईबरोबर बाहेर बसून होती, समुद्राकडे बघत — मी डुलकीत, मला कोणी उठवलं नाही. दोन तास.

आता तिघं आत. हिने चहा केला. तीन कप. तिन्ही सरळ. लेक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली की बाबा, बघा, काही नाहीये, सगळं ठीक आहे. हसू आलं मला. एवढा जीव घेतला सगळ्यांचा.

लेक फाटकाबाहेरून तिची गाडी आणायला निघालीय, आपण तिघं निघूच म्हणाली. दारात उभी आहे.

दारातच उभी आहे अजून.

म्हणतेय, बाबा, येताना इथे एवढा चढ नव्हता.

फाटक — फाटक वर आहे. डोक्याच्या वर. मलाही दिसतंय. टोपीवाल्या बाई तिथून खाली बघतायत.

मागे दोर वाजतोय. एकेक तार तुटते तसा —

हिने कप उचलला, म्हणाली निघालो वाटतं —

लेकीला म्हटलं उडी मार, गवताला धर, हातांनी चढ, तुला दोनच तास झालेत, तुला अजून जमेल, मागे बघू नकोस, आमचा हात धरू नकोस, सोड, सोड म्हणतो ना बाळा, हात सो