चाललंय आणि चालतंय

१० जून, मंगळवार
सिस्टिम सुरू झाली एकदाची. पंपाचं ड्रॉइंग, त्यातला प्रत्येक बदल, तपासणी, गिऱ्हाइकाची तक्रार, सगळं एका जागी. शेठच्या मागे लागून मीच आणवली, म्हणून मिरवलेही थोडी. क्वालिटीचे सर्जेराव नेहमीसारखे माझ्या डिझाइनच्या टेबलाशी चहा घेऊन आले. "मॅडम, आता च्याला तरी यायचं का त्येबी सिस्टिममधनंच?" म्हटलं, चहाला या की, पण कामाचं ते लिहूनच. तोंडी काही नको. हसले. पण बसले नाहीत, कप घेऊन गेले.

२ जुलै, बुधवार
वजन उतरावं म्हणून पंपाच्या बॉडीची भिंत जरा पातळ केलीय. प्रेशर टेस्टचं काय झालं, असं सर्जेरावांना सिस्टिमवर विचारलं होतं. मोबाइलवरून उत्तर आलं, एकच शब्द: चालतंय. लगेच बदल मंजूर केला. नवं ड्रॉइंग थेट शॉपवर, कामगारांच्या हातात. पूर्वी एवढ्यासाठी किती चहा, किती वाद. बरं वाटलं.

१७ जुलै, गुरुवार
बॉडी गळतायत. माल परत आलाय, शेठ लालेलाल. टेस्ट अर्धवट असतानाच माल गेला म्हणे. मीटिंगमध्ये मी सर्जेरावांवर तुटून पडले. टेस्ट झाली नव्हती तर चालतंय कशाला लिहिलंत? म्हणाले, "मी तसं लिवलंच न्हाय." मग मी ते पडद्यावर दाखवलं. त्यांचं नाव, त्यांचा शब्द. "हे काय मग, भुतानं लिहिलं?" कुणीतरी हसलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. मग हळूच खुर्ची सरकवून उठून गेले. एरवी यांचा आवाज गेटपर्यंत जातो.

१९ जुलै, शनिवार
सर्जेरावांनी राजीनामा दिला. शेठनी घेतलाही. कुणी अडवलं नाही. मीही नाही. चहा एकटीने घेतला, गोडच लागला नाही.

२६ जुलै, शनिवार
वारणानगरहून ताईचा मेसेज, आईची तपासणी झाली का? दवाखान्यातच होतो. टाइप केलं, चाललंय. गेलं काय, तर चालतंय! मोबाइलनं आपल्या मनानं बदललं. लगेच ताईचा फोन. "चालतंय काय चालतंय? झाली का न्हाय ते सांग की!"

बाकावर बसूनच राहिले. टेस्टचं काम चाललंय, एवढंच लिहायचं होतं सर्जेरावांना. ल चा त झाला आणि मी माणूस घालवला. ताई वारणानगरात, तिला शंका आली, तिनं फोन केला. सर्जेरावांचं टेबल हाकेवर होतं. मला हाक मारावीशी वाटली नाही, कारण तोंडी काही नको हा नियम माझाच. फार वाईट वाटतंय. मीटिंगमधलं ते हसू आठवलं की जास्तच.

२९ जुलै, मंगळवार
शेठना सगळं सांगितलं. "येत असतील तर बोलवा," म्हणाले, फाइलमधून मान वर न करता. सिस्टिममध्ये आता शब्द लिहायचाच नाही, 'मंजूर' नाहीतर 'टेस्ट सुरू', दोन्हींतलं एक निवडायचं. बैल गेला नि झोपा केला. सर्जेराव फोन उचलत नाहीत.

४ ऑगस्ट, सोमवार. सुट्टी
कळंब्याला त्यांच्या घरी गेले. कुलूप. शेजारीण म्हणाली, "कोण पावणं म्हणायचं? लेकीकडं गेल्यात त्ये." माफी काय कुलपाजवळ मागायची? तिथंच उभं राहून मेसेज केला. 'सर्जेराव, चूक माझी. मोबाइलनं शब्द बदलला आणि मी तुम्हाला विचारलं नाही. जिथं बोलले तिथंच, सगळ्यांसमोर, हे सांगेन. कसं चाललंय? परत याल का?'

संध्याकाळी उत्तर आलं. चालतंय.

म्हणजे येतात? की बरं चाललंय म्हणायचं होतं, आणि येण्याचं काही बोललेच नाहीत? किती वेळ त्या शब्दाकडे बघत बसले. मला हवा तोच अर्थ घ्यावासा वाटतोय. तेव्हाही तसंच केलं होतं.

नाही. फोन लावलाय, मोबाइल शेजारी ठेवून लिहितेय. रिंग जातेय. अजून जातेय. उचला की