तुमच्या ‘क्या बात है’ची जागा

बाबा, मी आता त्याच फ्रेंच क्वार्टेटमध्ये व्हायोला वाजवते. दोन व्हायोलिन, एक चेलो आणि मी. तुम्ही गेलात तेव्हा मी नुसती धडपडत होते, त्यामुळे हे तुम्हाला ठाऊकच नाही. ग्रुप सुरू करणाऱ्या चौघांपैकी आता एकही उरलेला नाही. एकेक जण निवृत्त झाला, त्याच्या जागी नवा आला, नाव तेवढं तेच राहिलं. फ्रान्सबाहेरची मात्र मी पहिलीच. “असू दे, विरजण तेच आहे ना?” असं तुम्ही म्हणाला असतात.

तुम्ही त्यांना ऐकलंत ते अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या त्या गावात. तुमचे पीएचडीचे दिवस. किचनमध्ये उभ्याउभ्याच खिचडी खाऊन आपण तिघं कॅम्पसच्या बसने हॉलवर जातो. संथ भाग चालू आहे, कोणी खोकतसुद्धा नाही. व्हायोलाची एक ओळ वर चढून अलगद खाली येते आणि तुम्ही मोठ्याने म्हणता, “क्या बात है!” अख्खा हॉल वळून बघतो. आई कोपर मारते, “अहो, शू! इथे असं नाही करत.” तुम्ही म्हणता, “मग दाद कधी द्यायची? घरी गेल्यावर?” मला हसू आवरत नाही. कार्यक्रम संपल्यावर तो म्हातारा व्हायोलावादक तुम्हाला शोधत लॉबीत आला. मला वाटलं, आता तुम्ही बोलणी खाणार. तो म्हणाला, “मला तिथे नेहमीच थांबावंसं वाटायचं. यापुढे तुमच्यासाठी तेवढी जागा ठेवीन.” परतीच्या बसमध्ये मी ठरवून टाकलं, मला तेच वाद्य हवं.

आता आम्ही त्याच हॉलमध्ये वाजवायला आलोय. काल त्याच संथ भागाच्या तालमीत आमचा पहिला व्हायोलिनवादक म्हणाला, “इथे थांबायची आपल्या ग्रुपची जुनी रीत आहे. नोटेशनमध्ये नाही, आणि का थांबायचं हे कुणालाच माहीत नाही. काढून टाकू या.” मी सगळ्यांत नवी, पण सरळ नाही म्हणाले.

“का?”

“आधी न थांबता वाजवून बघा.”

वाजवलं. ती सुंदर ओळ, दारातूनच परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखी निघून गेली. चेलोवाली म्हणाली, “नको, राहू दे.” मला इतका आनंद झाला बाबा, की डोळे भरून आले.

उद्या कार्यक्रम आहे. मी उत्तम वाजवणार, त्याची काळजी नको. हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. त्या थांबण्याचं कारण मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तिथे आलं की मी ओठांतल्या ओठांत ‘क्या बात है’ म्हणते, आणि त्या तिघांना वाटतं, मी मात्रा मोजतेय.