बाटलीचं बूड

कळमनुरी, मंगळवार, १४ डिसेंबर २००४

जावईबापूंनी फ्रान्सहून लाल वाइनची बाटली आणली. म्हणाले, "मामा, तीनशे वर्षांचा मळा हाय, एकाच घराण्याचा."

बाटली हातात घेतली तर बोटं बुडात शिरली. बूड चांगलं आत दाबलेलं. हे काहून, विचारलं. "तिकडं असंच असतंय," म्हणून हसले. म्हणजे तेवढा माल कमीच की. तीनशे वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं बूड चाचपलं न्हाई?

जेवताना सगळे चवीचं कौतुक करून राहिले, माझं ध्यान बुडावर.

पण माझीच बोटं नेमकी तिथं काहून गेली? आमच्या दुकानातल्या ज्वारीच्या मापट्याचं बूड वडलांनी, आबांनी, असंच वर ठोकून घेतलेलं. आबा गेले. मापटं अजून तेच हाय.