टेक्सासची जागा

इर्मा,

तुला आत्ताच झोप लागलीय, म्हणून उठवलं नाही. आपली राहायची कॅम्पर गाडी भावाच्या शेडमध्ये ठेवायला नेतोय. तिच्या टाकीतलं पाणी काढलंय, नाहीतर गोठून नळ्या फुटतील. तू टेक्साससाठी भरलेली सुती कपड्यांची बॅग पलंगाखाली ठेवलीय. सूप शेगडीवर आहे, दोन घोट तरी घे.

टेक्सासला आपण दर हिवाळा जिथे गाडी लावून काढतो, त्या जागेच्या मालकाला, वॉल्टरला, फोन केला. म्हटलं, "सोळा वर्षांत पहिल्यांदाच आम्ही येत नाही. आमची जागा यंदा दुसऱ्या कुणाला दे." तो म्हणाला, "बरं, पण पुढच्या हिवाळ्याला तुमचीच ठेवतो. इर्माला सांग, तुमच्या जागेतल्या लिंबोणीला फळं धरलीत."

डॉक्टरांनी तुझे मार्चपर्यंतचेच दिवस सांगितलेत, हे काही मला बोलवेना. "दोघांची ठेव," म्हणालो.

तुझा डेल्मर